टाकीच्या दिव्याला हात लावू नये

पहिला कागद.

सूचना: या टाकीच्या दिव्याला कोणीही हात लावू नये. कोणीही म्हणजे डॉक्टरसुद्धा. डॉक्टर माझा सख्खा भाऊ आहे, दातांचा, आणि त्याला सूचना कळत नाहीत, म्हणून खुलासा.

खुलासा: टाकीतलं समुद्रफूल बाबांचं. म्हणतात फूल, पण आहे प्राणी. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न करतं आणि याला पोसतं. अकरा वर्षं तपकिरी, गुबगुबीत होतं. बाबा गेले, माझ्या खोलीत जागा नाही, दादा म्हणाला, दवाखान्यात ठेव, पेशंटना बरं वाटेल. ठेवलं. दर रविवारी पाणी मीच बदलते. मध्ये तीन आठवडे कामासाठी बाहेर होते. तेवढ्यात दादा-वहिनीने बाबांचा दिवा काढला आणि रंग बदलणारी पट्टी लावली. जांभळी. गुलाबी. सोफ्याला शोभेलशी.

आले तर फूल पांढरं.

"वन्सं, बघा तरी कसं शुभ्र झालंय!" वहिनी म्हणाली. "सगळे फोटो काढतात."

"शेवाळ गेलं त्याचं. उपाशी आहे ते, वहिनी."

"मग घाला की काहीतरी खायला."

"उजेड खातं ते!"

आतल्या खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटनेही मान वळवली.

दुसरा कागद. (पहिला फाडला. एवढं कोण वाचतंय.)

नवा दिवा मी आणला. दुकानदाराने विचारलं, टाकी किती खोल, फूल खडकावर किती उंच बसतं. यांच्या सजावटवाल्याने विचारला होता भिंतीचा रंग. असो. नाही, असो कसलं! निळसर पांढरा, कमी-जास्त करता येणारा दिवा. वीस टक्क्यांवर लावला. दादाला बजावलं, दर आठवड्याला पाच वाढव, पांढऱ्या पडलेल्या फुलाला एकदम सोसत नाही. तो पेशंटच्या तोंडात बोटं घालून हो हो म्हणाला.

दोन दिवसांनी बघते तर शंभर.

"तूच म्हणालीस ना, उजेड कमी पडतोय!"

"आणि पाच टक्के कुणाला सांगितले, भिंतीला?"

"लवकर बरं व्हावं म्हणून केलं गं. माझेही बाबाच होते."

यावर ओरडता येत नाही. म्हणून आणखी संताप आला.

फूल जागा सोडून निघालं होतं. उजेड सोसला नाही की ही फुलं सरकतात, बोट-बोटभर. खडकामागच्या सांदीत अक्रोडाएवढं आक्रसून बसलं होतं. मी बादली आणली. घरी नेते, कॉटखाली ठेवीन, पण इथे नको. हात घातला. फुलाचा तळ, म्हणजे त्याचा पाय, खडकाला घट्ट चिकटलेला. ओढला तर फाटेल, फाटला तर संपलं. हात बाहेर काढला. म्हणजे फुलाने राहायचं इथेच, दादाच्याच राज्यात.

तिसरा कागद कोराच आहे. दिवा दहावर आणला, रिमोट पिशवीत टाकला. आता रोज सकाळी टाकीशेजारी बसते, मांडीवर ऑफिसचं काम.

"तुमचा कितवा नंबर?" एका आजोबांनी विचारलं.

"माझे दात शाबूत आहेत."

नवव्या दिवशी दादा हातमोजे न काढताच दारात आला.

"दिवा कितीवर आहे?"

"बारा."

"जगेल ना गं?"

"पेशंट ताटकळलेत तुझे. जा."

तो गेला. सांदीतून फुलाचं एक बोट बाहेर आलं होतं, केसाएवढं, पाण्याबरोबर हलणारं. मी दादाला सांगितलं नाही.