तलावातलं शिसं

कानाला यंत्र लावून घे, असा धोशा एल्वीने नवऱ्यामागे गेल्या उन्हाळ्यापासून लावला होता. आर्वो कांगास मात्र दाद देत नव्हता. बहात्तर वर्षांचा माणूस, सारा जन्म लोखंडाच्या खाणीत अवजड ट्रक चालवण्यात गेलेला. कान थोडे जड झाले तर त्यात नवल ते काय? पण खरं सांगायचं तर तक्रार आधी त्यानेच केली होती. जुलैतल्या एका सकाळी कॉफीचा पेला घेऊन तो आपल्या धक्क्यावर बसला होता. साल्मीच्या तलावावर धुकं पसरलं होतं, पाणी अगदी श्वास रोखून धरल्यासारखं. अशा सकाळी तलावातल्या लून या पाणपक्ष्याचा नर साद घालतो. लांब, वर चढत जाणारी, ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी हलवून जाणारी ती साद आर्वो लहानपणापासून ऐकत आला होता. त्या दिवशी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"एल्वी, मला लून ऐकू येईनासा झालाय गं," तो घरात येऊन म्हणाला होता.

"मला तरी कुठे ऐकू आलास तू, तोंडात पाव भरून बोलतोयस," एल्वी म्हणाली, आणि तिथून कानाच्या यंत्राचा विषय सुरू झाला.

आता फेब्रुवारी होता. तलाव गोठून पांढरा झाला होता, बर्फावर मासेमारीच्या छोट्या छोट्या खोपट्या उभ्या होत्या आणि गावाला आपल्या चित्रपट महोत्सवाचे वेध लागले होते. अकरा वर्षांपूर्वी गावच्या सभागृहात, थंडीत करायचं काय म्हणून चारचौघांनी सुरू केलेला हा उद्योग. रानातल्या, पाण्यातल्या जीवांवरचे चित्रपट. काही दूरदेशीचे, काही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी स्वतः काढलेले. कुणी रानतांदळाचं सूप आणायचं, कुणी वेलदोडा घातलेला गोड पाव. सभागृहाची देखभाल आर्वोकडे, त्यामुळे पडद्यावर चित्र दाखवायचं यंत्रही त्याच्याच हाती.

आर्वोचा आणखी एक लौकिक होता. गळाच्या दोरीला लावायची शिशाची वजनं तो घरी ओतायचा. वडिलांचा साचा, वडिलांचीच कढई. चाळीस वर्षांत त्याने कुणाकडून त्याबद्दल काही घेतलं नव्हतं. नवं पोर पहिल्यांदा मासे धरायला निघालं की आर्वोआजोबांची पुडी त्याच्या हातात पडायचीच. तलावावर मासेमारीच्या सामानाचा एकही डबा असा नव्हता ज्यात त्याच्या हातची वजनं नव्हती, आणि या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता.

महोत्सवाच्या दोन दिवस आधी तो गॅरेजमध्ये शिसं वितळवत असताना लेम्पी आली. ही शाळेतली निवृत्त बाई, जीवशास्त्र शिकवायची. आर्वोची बालमैत्रीण. गेले चार उन्हाळे ती आपल्या छोट्या होडीत कॅमेरा घेऊन पहाटेपासून बसलेली दिसायची.

"दार तरी उघडं ठेव रे! सगळा धूर पोटात घेतोयस," ती आत येता येता म्हणाली.

"या बाई. गृहपाठ तपासायला आलात?"

"शनिवारी माझा चित्रपट आहे. तू आधी एकदा बघावास असं वाटतं. आपण दोघंच."

"यंत्र मीच चालवणार, तेव्हा दिसेलच की. आणि लून काय मी पाहिले नाहीत?"

"पाहिलेस. पण हे नाही पाहिलंस." लेम्पीची नजर कढईकडे गेली. "आर्वो, हे शिसं सोड ना आता. कथलाची वजनं होतात, पोलादाची होतात. शिशाने पक्षी मरतात, हे तुला मी कितीदा सांगितलं."

"पक्षी मरायला शंभर कारणं असतात. गरुड आहेत, मोटारबोटी आहेत, आजार आहेत."

"असतील शंभर. त्यातली नव्याण्णव आपल्या हातात नाहीत. हे एक आहे."

आर्वोने पळी कढईच्या काठावर ठेवली. "माझ्या बापाने हेच ओतलं. तेव्हाही लून होते, आजही आहेत. शाळा सुटली तुझी, पण शिकवणं काही सुटलं नाही!"

लेम्पी हातमोजे चढवून निघून गेली.

शनिवारी दुपारी सभागृह गच्च भरलं. खिडक्यांवर जाड घोंगड्या टांगून अंधार केला होता. ओल्या लोकरीचा, कॉफीचा, वेलदोड्याचा वास दरवळत होता. आधी समुद्रातल्या देवमाशांचा चित्रपट झाला, मग घुबडांचा. आणि मग पडद्यावर साल्मीचा तलाव उमटला.

बाहेर बर्फ साचलेला आणि आत उन्हाळ्यातली पहाट! धुक्यातून पाणी हळूच उजळत गेलं. एक काळंभोर डोकं वर आलं, मग पाठीवरची पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, मग ते लालबुंद डोळे. पाठोपाठ मादी. तिच्या पाठीवर, पिसांच्या उबेत, राखाडी कापसाच्या बोळ्यासारखं पिल्लू बसलेलं. आपलाच तलाव, आपलाच तो वळसा, आपल्याच कुणाची तरी लाल होडी कडेला बांधलेली, पण कुणीतरी स्वप्नात दाखवावं तसं ते सारं दूरचं आणि अलगद वाटत होतं. नराने मान ताठ केली आणि साद घातली. ती सभागृहाच्या लाकडी भिंतींवरून फिरत फिरत मागे यंत्रापाशी उभ्या असलेल्या आर्वोपर्यंत आली. प्रत्येक चढउतार त्याला स्वच्छ ऐकू आला. तो स्वतःशीच हसला. कुठे जड झालेत कान?

मग पडद्यावर तारीख आली. अकरा जुलै.

नर काठाला आला होता. लून कधी असा काठावर येत नाही. त्याचे पाय पाण्यासाठी असतात, जमिनीसाठी नाहीत. त्याची मान लटपटत होती. पंख सैल पडले होते. चोच उघडी होती, पण तिच्यातून आवाज फुटत नव्हता. दूर पाण्यात मादी त्याला हाका मारत गोल गोल फिरत होती. पुढच्या दृश्यात लेम्पीच्या शालीत गुंडाळलेला तो पक्षी प्राण्यांच्या डॉक्टरांच्या टेबलावर होता. आणि मग त्याच्या पोटाचा एक्स-रे. बारीक बारीक खड्यांच्या ढिगात एक ठळक, पांढराशुभ्र थेंब.

आर्वोने तो थेंब पाहिला आणि ओळखला.

वडिलांच्या हातून तो साचा एकदा बर्फावर पडून त्याला आतून खाच पडली होती. तेव्हापासून त्यातून निघणाऱ्या प्रत्येक वजनाच्या खांद्यावर एक इवलासा उंचवटा यायचा. जगात दुसऱ्या कुणाच्या वजनाला तो नव्हता. पडद्यावर तो उंचवटा आता माणसाच्या मुठीएवढा दिसत होता!

त्याचा हात यंत्राच्या खटक्याकडे गेला. एक खटका, आणि सगळं बंद. बिघाड झाला म्हणता आलं असतं. समोर दीडशे माणसं बसली होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या डब्यात तोच उंचवटा होता. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं! पण एकही मान मागे वळली नाही. गावाने त्याच्यासाठी तेवढी माया दाखवली, आणि तीच त्याला सोसेना.

कान शाबूत होते त्याचे. साद घालणाराच उरला नव्हता!

त्याने हात मागे घेतला. चित्रपट चालू राहिला. एकट्या मादीने बुड्या मारमारून पिल्लाला मासे भरवले, गरुड आला तेव्हा पाण्यावर उभी राहून पंख आपटले. ऑक्टोबरात ती आधी निघून गेली. आणि एका धूसर सकाळी ते पिल्लू, आता चांगलं थोराड झालेलं, पाण्यावरून धावत सुटलं. धावतंय, धावतंय, पायांनी पाणी उडवतंय. इतकं लांब की आता तलाव संपणार असं वाटावं. आणि मग पाय पाण्यापासून सुटले. पडद्यावर नुसतं पाणी राहिलं.

दिवे लागले. टाळी कुणीच वाजवली नाही.

"शिसं कुणाचंही असेल!" पुढच्या रांगेतून रेइनो ओरडला. आर्वोचा जुना मासेमारीतला सोबती, आवाजाने दणकट. "उन्हाळ्यात परगावची माणसं येतात, काय वाट्टेल ते टाकून जातात."

लेम्पी पुढे उभी होती. "मी कुणाचं नाव घ्यायला हा चित्रपट काढला नाही," ती शांतपणे म्हणाली. "लून तळाचे खडे गिळतो. अन्न दळायला त्याला ते लागतात. तुटलेल्या दोरीचं वजन तळाशी पडतं, ते त्याला खडाच वाटतो. खड्याएवढं एक वजन पुरतं. महिनाभरात पक्षी संपतो. यात वाईट माणूस कुणी नाही. आपण सगळे आपापल्या परीने चांगलेच आहोत, आणि तरीही तो मेला. एवढंच मला दाखवायचं होतं."

"कुणाचंही नव्हतं ते, रेइनो," मागून आवाज आला.

आर्वो खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पुढे येत होता. टोपी हातात, चेहरा पांढरा.

"ते माझ्या हातचं आहे. तुम्ही सगळ्यांनी ओळखलंत, मला कळलं. कुणी बोलला नाहीत, तुमचे उपकार." "लेम्पीने परवा येऊन विनवलं मला, आणि मी तिची थट्टा केली. उन्हाळाभर मी धक्क्यावर बसून म्हणत राहिलो, माझे कान गेले. ज्याची साद ऐकायला मी रोज तिथे बसायचो, त्याला मीच..."

एल्वी उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तू ते फेकलं नव्हतंस, आर्वो," लेम्पी म्हणाली.

"फेकलं नाही. वाटलं! चाळीस वर्षं प्रेमाने वाटलं. फेकणाऱ्याला आवरता येतं, लेम्पी. वाटणाऱ्याला कोण आवरणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो एक रिकामी बादली घेऊन घरोघर निघाला. दारात उभा राहून एकच वाक्य म्हणायचा, "दिलेलं परत मागायला आलोय." आयुष्यात त्याला इतकं अवघड काही वाटलं नव्हतं. कुणी डबा तसाच बादलीत रिकामा केला, कुणी कॉफी पाजली. कुणी कुरकुरलं की कथील हलकं असतं, तेवढ्याच वजनाला मोठं लागतं. "लागू दे मोठं," आर्वो म्हणायचा, "नवा साचा करतोय." रेइनोने तर दारातूनच वाटेला लावलं. "चाळीस वर्षं चालतंय, आता तुला देवदूत व्हायचंय होय?" मात्र चार दिवसांनी सभागृहाच्या पायरीवर एक जड पिशवी सापडली. आत चिठ्ठी होती : 'गुडघा दुखतो म्हणून उचलून आणता आली नाही लवकर. दुसरं काही कारण नाही.'

सगळ्यात शेवटी तो हिल्या निस्कानेनकडे गेला. तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचा डबा तिने खिडकीपाशी जसाच्या तसा ठेवला होता. ती एकेक वजन उचलून बादलीत टाकू लागली, सावकाश, जणू मोजून निरोप देतेय. शेवटचं मात्र तिच्या मुठीतच राहिलं.

"याच्या कडेला त्याच्या दातांच्या खुणा आहेत," ती म्हणाली. "दोरीवर दातांनीच आवळायचा. मी किती ओरडायचे."

बादली खाली ठेवून तो तिच्याजवळ बसला.

"ते ठेव तू, हिल्या. ते तुझं आहे."

"आणि तलाव?"

"तलावात नाही जायचं, एवढंच."

तिने मूठ उघडून पुन्हा एकदा पाहिलं. खूप वेळ पाहिलं. बाहेर बर्फावर उन्हाची तिरीप पसरली होती, तिने डोळे बारीक केले. मग हात लांब करून तिने तेही वजन बादलीत टाकलं.

"मी त्याचा फोटोच ठेवते, हे वजन नको," ती म्हणाली. "पिल्लांना धोका नाही त्याचा."

मित्रहो, आपण दुष्ट असतो म्हणून आपल्या हातून वाईट घडतं, असं फार थोड्या वेळा होतं. बहुतेक वेळा ते सवयीने घडतं, कधी तर प्रेमाने दिलेल्या वस्तूनेही घडतं. वडिलांनी केलं म्हणून, सगळे करतात म्हणून, आपलं मन साफ आहे म्हणून आपण आपल्याच हातांकडे बघायचं टाळतो. आर्वोपुढेही खटका होता. चित्र बंद करता आलं असतं. त्याने ते शेवटपर्यंत पाहिलं. चूक पाहण्याचं धाडस करावं, आणि मग लाज बाजूला ठेवून, दिलेलं परत मागायला दारोदार जावं. पाणी आणि पाण्यातले जीव आपल्याकडे एवढंच मागतात.