वायर पुरत नाही

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, आणि मला माझी लाज वाटते. माझ्यासारखे दुसरे म्हातारे माईक तुम्हाला मानाच्या गोष्टी सांगतील. कोणते थोर पाहुणे त्यांच्यातून बोलले, टाळ्या कशा कडाडल्या वगैरे. मलाही तसे सांगता येईल. पण टाळ्या कशासाठी वाजतात ते मी फार जवळून ऐकले आहे, म्हणून ते जाऊ द्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोटात पातळ पडदा, त्यामागे केसासारख्या तारेचे वेटोळे, वरून चकचकीत जाळी. मला तपासणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती. तिने मला तोंडाजवळ धरले आणि "हॅलो" म्हणायच्या ऐवजी अशी जोरात शिंकली की सगळा कारखाना दचकला. "पास!" ती नाक पुसत म्हणाली, "हा शिंकसुद्धा गाळत नाही." तेव्हा मला ते कौतुक वाटले.

तिथून मी एका विद्यापीठात आलो. तिथे प्राध्यापकांच्या सभा भरतात त्या सभागृहात मला ठेवले. सभागृह पायऱ्यापायऱ्यांचे. खाली सपाट जागेत टेबल, समोर गुबगुबीत खुर्च्या, आणि वर मागच्या दारापाशी लाकडी बाक. खुर्च्यांवर कायम नोकरीतले लोक बसत. बाकांवर वर्षावर्षाच्या करारावर शिकवणारे. त्यांच्यातले बरेचसे आपापल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले पहिलेच. असे बसावे असा नियम कुठेही नव्हता. एकदा एक नवीन शिक्षक चुकून खाली येऊन बसला, तर शेजारचा म्हणाला, "ती सरांची जागा आहे."

"पण सर तर रजेवर आहेत."

"सर रजेवर आहेत. जागा नाही."

सगळे हसले. तोही हसला, आणि वर जाऊन बसला. न लिहिलेला नियम असाच चालतो, मित्रांनो. हसत हसत.

सभेचे अध्यक्ष म्हणजे मोठे सर. माझ्या पहिल्या दिवशी ते मला हातात घेऊन म्हणाले, "आता इथे लहान-मोठे कोणी नाही. हा माईक सगळ्यांचा आहे." माझी छाती भरून आली. आणि खरेच, तेव्हा माझी वायर लांबलचक होती. मी हातोहात वरच्या बाकापर्यंत जात असे. तिथले बोलणे वेगळे होते. कोणी चाचरत बोले, कोणाचे उच्चार घरचे. खाली कोणी फिसकन हसले तरी मी सगळे नीट पोचवत असे.

मग एका सभेत मोठ्या सरांचा पाय माझ्या वायरीत अडकला. ते पडले नाहीत. नुसता चष्मा पडला. पण अख्खी पहिली रांग अशी धावली, जणू इमारतच कोसळली. दुसऱ्या दिवशी माझी वायर कापून आखूड केली. सुरक्षेसाठी! एका माणसाचा चष्मा पडला म्हणून मागच्या सगळ्या बाकांचा आवाज गेला, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. मोठे सर पुढच्या सभेत मोठ्या मनाने म्हणाले, "माईक अजूनही सगळ्यांचाच आहे. ज्याला बोलायचंय त्याने पुढे या."

पुढे या. किती सभ्य शब्द आहेत! पण पुढे कोण येत असे? जे पुढेच बसलेले होते ते. ज्यांचे आवाज आधीच मोठे होते, तेच मी आणखी मोठे केले. माझी जाळी रोज पुसली जात होती आणि मी खुशीत होतो. आज ती खुशी आठवली की अंगावर काटा येतो.

वरच्या बाकावर गणिताच्या बाई बसत. त्यांचा तास संपला तरी मुले उठत नसत, असे मी खालच्या खुर्च्यांवरूनच ऐकले होते, जरा कुजक्या आवाजात. तिथे रीत अशी होती की करारावरच्या माणसाची काही वर्षे सलग झाली की त्याला कायम करत. सलग, म्हणजे मध्ये खंड नको. खंड पडला की मागची सगळी वर्षे पुसली जात आणि माणूस पुन्हा नवा. बाईंचे एकच वर्ष उरले होते. आणि बाईंना दिवस गेले होते. बाळंतपणाची रजा म्हणजे खंड, असे तिथे मानत.

एका सभेच्या आधी सभागृहात दोघीच होत्या. बाई वर दाराशी, आणि खाली टेबलापाशी इतिहासाच्या प्राध्यापिका. त्यांना सगळे ताई म्हणत. त्याही कधीकाळी त्याच बाकावर होत्या.

"ताई, जरा वर या ना," बाईंनी हाक मारली. "डॉक्टरांनी पायऱ्या उतरू नका म्हणून सांगितलंय."

"अगं, ओरडतेस कशाला? सगळ्यांना कळेल."

"कळू दे की. या पोटावर आता काय पांघरूण घालू?"

ताई हसल्या, पण वर गेल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "तुम्हा पोरींना सगळं आयतं हवं. माझ्या वेळी मी सुट्टीत बाळंतपण उरकलं आणि टाके ओले असताना वर्गावर उभी राहिले. कोणाला कळूही दिलं नाही."

"म्हणूनच सांगतेय ना. तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? बाळंतपणाला खंड म्हणू नका, एवढंच मांडा. भरल्या सभेत माझा आवाज खाली पोचणार नाही."

"बरं बाई. मी आहे ना. तुझा विषय मीच काढते."

सभा भरली. शेवटी मोठे सर नेहमीप्रमाणे म्हणाले, "कोणाला काही बोलायचंय? पुढे या."

बाईंनी वरून हात वर केला. "सर, मला उतरता येणार नाही. माईक वर पाठवता का?"

मोठ्या सरांनी मला उचलले, वायर ताणून दाखवली आणि हात पसरले. "वायर पुरत नाही हो! त्याला आम्ही काय करणार?"

हशा पिकला. मित्रांनो, मी तेव्हा त्यांच्या मुठीत होतो. ज्याला सगळ्यांचा म्हणून आणले, तोच आता सबब झाला होता. बाई तशाच बोलू लागल्या. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "ऐकू येत नाही." दुसरा म्हणाला, "दोघांसाठी बोलायचं तर जरा जोर लावा." पुन्हा हशा.

तेव्हा ताई उठल्या. त्यांनी मला हातात घेतले. त्यांचा तळवा घामाने ओला होता.

"सर, वर आपल्या एका भगिनीची अडचण आहे..."

मोठे सर गोड हसले. "ताई, तुमच्याबद्दल आम्हाला केवढा आदर आहे! दोन मुलं वाढवलीत आणि एक तास चुकवला नाहीत. तुम्ही कधी केली का हो तक्रार?"

टाळ्या वाजल्या. ताईंच्या चेहऱ्यावर आधी लाली आली, मग हसू. त्यांनी मला तोंडाजवळ आणले. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली.

"नाही सर," ताई म्हणाल्या. आणि त्यांनी मला टेबलावर ठेवले.

ते "नाही सर" मी खणखणीत वर पोचवले. शेवटच्या बाकापर्यंत, दारापर्यंत. बाईंची हाक खाली आणायला माझी वायर पुरली नव्हती; त्यांच्यावर पडलेला घाव वर न्यायला मात्र मला वायर लागलीच नाही. गाळणे मला येत नाही. त्या दिवशी ते यावे असे फार वाटले.

सभा संपल्यावर ताई वर बघून म्हणाल्या, "पुढच्या वेळी नक्की हं."

"पुढच्या वेळी मी इथे नसेन, ताई," बाई म्हणाल्या आणि दार लोटून गेल्या.

त्यांना मुलगी झाली. त्यांचा करार संपला, आणि खंड पडला.

नंतरच्या एका सभेला ताई आल्या त्या मागच्या दाराने. सरळ शेवटच्या बाकावर बसल्या. सगळे वळून बघायला लागले.

"ताई, हे काय? तुमची खुर्ची रिकामी आहे," मोठे सर म्हणाले. "पुढे या."

"येत नाही. माईक वर पाठवा."

"अहो, वायर..."

"मग वायर जोडा. नाहीतर तुम्ही चढा वर. मी इथून हलणार नाही."

शेवटी एक जुना तुकडा सापडला, चिकटपट्टी लावून माझी वायर जोडली, आणि कितीतरी वर्षांनी मी पायऱ्या चढलो. ताईंनी मला धरले. या वेळी तळवा कोरडा होता.

"मी तक्रार केली नाही, कारण मला नोकरीची भीती होती," त्या म्हणाल्या. "टाक्यांतून रक्त येत होतं आणि मी फळ्याकडे तोंड करून शिकवत होते. त्याला तुम्ही आदर म्हणता. आणि इथे बसलेली पोर माझ्या भरवशावर होती, तेव्हाही मी भ्याले. आज तरी बाळंतपणाला खंड म्हणायचं बंद करा."

नियम बदलला. हात वर करताना पुष्कळांनी माना खाली घातल्या होत्या. पण ठरावात शब्द पडले, "इथून पुढे लागू." बाईंचा खंड तर मागे पडला होता. तो तसाच राहिला.

पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा मुलाखत दिली आणि पुन्हा त्याच बाकावर आल्या. मोठ्या सरांनी मला हातात घेतले आणि प्रसन्न आवाजात म्हणाले, "आपल्याकडे नव्याने रुजू झालेल्या गणिताच्या बाईंचं स्वागत."

नव्याने! टाळ्या वाजल्या. बाई उभ्या राहिल्या, हात जोडले आणि बसल्या. ताईंनी टाळी वाजवली नाही. आणि तो शब्द सगळ्या सभागृहात घुमवला कोणी? मीच.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या हाती कधी माईक येईल, कधी नुसता शब्द चालेल. मागे बसलेल्याला आपल्या खुर्चीतून "पुढे या" म्हणून मोठेपणा मिळवू नका. उठा, आपल्या पायांनी त्याच्यापर्यंत जा, आणि वेळेवर जा. वायर उशिरा जोडली तरी चालते. त्या बाईंची वर्षे मात्र अजून कोणी जोडून दिलेली नाहीत.