कानानं निवडलेलं पेडल

गिटारला जोडून तिचा आवाज बदलणारं छोटं मल्टी-इफेक्ट पेडल घ्यायचं ठरवून मला चार महिने झाले होते. सिंदी मेघेहून समुद्रपूरच्या शाळेत शिकवायला मी एस.टी.नं जातो. त्या प्रवासात मी पेडलांचे इतके व्हिडिओ पाहिले आणि शाळेत त्यांच्याबद्दल इतकं बोललो, की स्टाफरूममधले लोक माझ्यासमोर गाण्याचा विषयच काढेनासे झाले.

शेवटी एका रविवारी माझा मित्र मुकेश विकायला काढलेली आपली तीन पेडलं घेऊन घरी आला. "वाजवून पाह्य अन् आवडल ते ठेव," तो म्हणाला.

मी बायकोला, मोहिनीला हाक मारली. मी पाठ फिरवून वाजवणार आणि तिनं मागे वायर बदलत जायचं, म्हणजे निवड निव्वळ कानानं होईल. तिनं मेथी निवडणं बाजूला ठेवून तीनदा वायर बदलली.

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले. "हेच," मी म्हणालो. "याच्या आवाजाले खोली आहे. पहिले दोन प्लास्टिकसारखे वाटले. हे समजाले कान तयार लागते."

"या खेपेले पेडल लावलंच नाई," मोहिनी शांतपणे म्हणाली. "गिटारची वायर सीधी स्पीकरले लावली. म्हटलं, पाहू तरी."

मुकेशला हसता हसता ठसका लागला. मीही हसलो, पण जरा उशिरा.

तरीही त्या तिनातलं सगळ्यात लहान पेडल मी ठेवून घेतलंच.

"आता काऊन घेता?" तिनं कारण विचारलं.

मी पुष्कळ विचार केला आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"याचा निळा लाइट मले लय आवडला."