पेटीतला म्हातारा

खडखड ऐकू येतेय ना? तीच माझी बोली. खाडीच्या या काठावरून त्या काठाला माणसं नेणाऱ्या एका जुन्या लाकडी लाँचचं इंजिन, तो मी बोलतोय. स्वतःची कहाणी सांगण्याइतका मी मोठा आहे का, याची मला शंका आहे. मोठी इंजिनं आगबोटीत असतात. पण मला ठेवायचं की काढून टाकायचं यावरून एका घरात जे घडलं, ते मी जितक्या जवळून पाहिलं तितकं कुणीच पाहिलं नाही. म्हणून हे धाडस. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, निवलं, साचा फोडला आणि मी काळाकुळकुळीत बाहेर आलो. मग लेथवर कातलं, घासलं, दोन सिलिंडर बसवले आणि चाचणीच्या ओट्यावर उभं केलं. पहिल्या हँडलला मी सुरू झालो नाही. हँडल मारणारा हसून म्हणाला, "लाजतंय बेटं." तेव्हापासून रोज सकाळी सुरू होण्याआधी मला धाकधूक वाटते. आज जमेल ना?

माझा पहिला मालक मासेमारीच्या होडीचा. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, हातोडा. त्याच्या पदरी मी मुकाट राबलो. पुढे त्याने होडी मोडीत काढली आणि मला एका शेडमध्ये जुन्या जाळ्यांखाली टाकून दिलं. तिथे एक कोंबडी माझ्या डोक्यावर बसून अंडी घालायची. खरं सांगतो, इतकं निवांत आयुष्य मला पुन्हा लाभलं नाही. पण निवांतपणात गंज असतो.

तिथेच मला बाबा आणि आई बघायला आले. बाबा म्हणजे या लाँचचे मालक आणि आई म्हणजे त्यांची बायको. सगळा धक्का त्यांना याच नावांनी ओळखायचा. बाबांनी माझं चाक हाताने फिरवून पाहिलं, कान लावला, मान हलवली. त्यांना ठरवता येईना. आई म्हणाली, "घ्या हो. आतून गंज नाही त्याला."

"तुला काय माहीत?"

"कोंबडी बसलीय ना वर. ती तुमच्यापेक्षा पारखून जागा घेते."

अशा रीतीने कोंबडीच्या शिफारशीवर मी लाँचवर रुजू झालो.

लाँचच्या मधोमध लाकडी पेटी होती, तिच्यात मला बसवलं. पेटीच्या चारी बाजूंना हवेसाठी उभ्या फटी होत्या आणि वर उचलून ठेवता येईल असं झाकण. पेटीभोवती उतारूंचे बाक. माझा आवाज दांडगा. शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. एकदा एक गृहस्थ मित्राच्या कानाशी लागून आपल्या मूळव्याधीबद्दल सांगत होते. नेमकी त्याच वेळी बाबांनी रेस कमी केली आणि उरलेलं वाक्य सगळ्या लाँचने ऐकलं.

आईला त्यांची दया आली. "लोकांनी आपली दुखणीखुपणी काय चव्हाट्यावर मांडायची?" असं म्हणत तिने एक गोधडी शिवली आणि चपट्या खिळ्यांनी पेटीच्या आतून ठोकली. आवाज दबला. माणसं माणसांसारखी बोलू लागली. मग प्रथाच पडली. हंगाम सुरू होण्याआधी लाँच रंगवायची आणि मला एक नवा थर द्यायचा. घरातलं जे विरेल ते माझ्याकडे येई. बाबांचे सदरे आले, उशांचे अभ्रे आले, लेकीचा शाळेचा गणवेश आला. तिची उंची मला त्या गणवेशांवरून कळत गेली. मला वाटायचं, मीही या घरातलाच. कुणी इंजिनाला पांघरूण घालतं का?

फटी एकेक करून झाकल्या जात होत्या, हे माझ्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी बोललो असतो की नाही, कोण जाणे.

मग आई गेली. बाबांचे गुडघे त्याआधीच गेले होते. सुकाणू लेकीच्या हाती आलं. ती मूळची कडक. उतारू मोजून घेणार, लहान मुलांना मधल्या बाकावर बसवणार, वारा वाढला की फेरी बंद म्हणजे बंद. बाबांना तिने घरी बसवलं. स्वेटर, त्यावर मफलर, त्यावर कानटोपी. "धक्क्यावर वारा असतो, बाबा. तुम्ही खिडकीतून बघा."

बाबा खिडकीतून बघायचे.

हंगामाआधी थर द्यायची वेळ आली. आईचा एक जाड लोकरी कोट होता, तपकिरी. थंडीत सुकाणूशेजारी बसून ती तो घालायची. लेकीला तो घालवेना, कुणाला देववेना. कपाट उघडलं की समोर तोच. शेवटी एका सकाळी तिने तो झाकणाच्या आतल्या बाजूला ठोकला.  झाकण लावलं तेव्हा आतला अंधार आईच्या वासाचा झाला. मी त्या दिवशी फार जपून चाललो.

आणि त्याच हंगामात माझी तब्येत ढासळली.

धक्क्यावरून निघताना मी ठीक असे. खाडीच्या मध्यावर, जिथे पाण्याची ओढ जोराची असते, तिथे मला धाप लागे. लेक रेस वाढवी आणि माझ्याकडून जोर येण्याऐवजी काळा धूर येई. उतारू नाकाला रुमाल लावत. वय झालं, मी मनाशी म्हणालो. दुसरं काय असणार?

मेकॅनिक आला. त्याला सगळे 'गळती' म्हणत, कारण कुठलंही इंजिन पाहिलं की त्याचा पहिला शब्द तोच. त्याने झाकण उचलून आतली बाजू खाली करून धक्क्यावर ठेवलं, मला चालू केलं, सगळीकडे हात लावून पाहिला.

"गळती तर नाही," तो जरा नाराजीने म्हणाला. "चांगलं चालतंय की, ताई."

"इथे चालतं हो. मध्यावर गेलं की धाप टाकतं."

"मग वैद्य दिसला की दुखणं पळतं, त्यातलं दिसतंय." त्याने नोझल साफ केले, डिझेलचा फिल्टर बदलला. झाकण परत लागलं, आम्ही निघालो, आणि मध्यावर मी पुन्हा धापा टाकू लागलो. हे असं तीनदा झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण परक्यापुढे शहाणे आणि घरच्यांपुढे नालायक, ही काही बरी गोष्ट नव्हे.

मग ती दुपार आली. मध्यावर असताना मी बंद पडलो. ओढीने लाँच मोठ्या जहाजांच्या वाटेकडे सरकू लागली. लेकीने नांगर टाकला, उतारूंना जागचं हलू दिलं नाही, दुसऱ्या लाँचला खूण करून आपली लाँच ओढून न्यायला लावली. कुणाला खरचटलंही नाही. पण धक्क्याला लागल्यावर तिने दोर बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

संध्याकाळी घरी काय बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी लाँचवरच पुन्हा झालं, कारण बाबा हट्टाने लाँचपर्यंत आले होते.

"नवीन इंजिन घ्यायचं. ठरलं माझं," ती म्हणाली.

"तुझ्या आईने पसंत केलेलं आहे ते."

"कोंबडीने."

"थट्टा नको करूस."

"थट्टा नाही करत, बाबा. काल लाँचमध्ये अकरा माणसं होती. आईची आठवण म्हणून मी त्यांना बुडवू?"

बाबांनी पेटीवर हात ठेवला. मी मात्र मनातल्या मनात तिच्याच बाजूने होतो. मला भंगारात जायची भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण ज्याच्या भरवशावर माणसं बसतात त्याने स्वतःची कीव करत बसू नये. नव्या इंजिनवाले येऊन पेटीची मापं घेऊन गेले. भंगारवाल्याने येऊन माझ्यावर बोटाने टकटक केलं.

नवं इंजिन यायच्या आधी बाबांनी एकच मागणं मागितलं. "एक फेरी मला याच्याशेजारी बसू दे. झाकण काढून. शेवटचं बघू दे त्याला चालताना."

पाणी शांत असलेल्या एका सकाळी लेकीने ते मान्य केलं. सोबतीला म्हणून दुसऱ्या लाँचवाल्याला मागोमाग यायला सांगितलं. रोजचे उतारू होते: भाजीवाली, शिंपी, पलीकडच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. बाबा मफलर-कानटोपीसकट माझ्याजवळच्या बाकावर बसले. झाकण पुढे नेऊन ठेवलं.

आणि मी चाललो. काय चाललो म्हणून सांगू! मध्य आला, ओढ आली, मी ती कापत गेलो. धुराचा लवलेश नाही. मागची लाँच मागेच राहिली.

"सासरा समोर बसला की जावई कसा सरळ वागतो, तसं झालंय हे," शिंपी ओरडून म्हणाला.

बाबांचे डोळे भरून आले होते. "ओळखलं त्याने मला," ते म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. प्रेमाने माणसं बरी होतात असं ऐकलं होतं, इंजिनंही होत असतील. मी अगदी फुशारून गेलो.

मास्तरीणबाई मात्र कानांवर हात घेऊन बसल्या होत्या. "बाबा, झालं ना बघून? आता झाका त्याला. मला पलीकडे जाऊन पोरांचं ऐकायचंय."

शिंप्याने झाकण आणून लावलं. थोड्याच वेळात माझा श्वास कोंडला. वेग पडला, काळा धूर सुटला.

"रुसला," बाबा म्हणाले. झाकण काढलं. मी पुन्हा सुरळीत. लावलं, पुन्हा धाप.

लेक बघत होती. "बाबा, सुकाणू धरा."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

बाबा उठले. गुडघे कुरकुरले असतील, मला ऐकू आले नाहीत. त्यांनी सुकाणू धरलं. लेक पेटीपाशी येऊन वाकली. तिच्या रुमालाचं टोक झाकणाच्या कडेला लागलं आणि झाकणाखालच्या बारीक चिरेतून सुर्रकन आत ओढलं गेलं. ती दचकली. टोक सोडवलं, पुन्हा तिथेच धरलं. पुन्हा आत.

तिने झाकण उचललं आणि या खेपेला तसंच खाली न ठेवता उलटं करून पाहिलं. कोटाची एक बाही खिळ्यातून सुटून लोंबत होती. तिच्या टोकाला काजळीचा गोल ठसा होता, नेमका माझ्या हवेच्या फिल्टरच्या तोंडाएवढा. मग तिने पेटीत हात घालून फटी चाचपल्या. एकही उघडी नव्हती.

ती तशीच खाली बसली. "बाबा, त्याला हवाच नव्हती. आपणच बुजवली. आणि हा कोट मी ठोकला."

"अगं, बाही काय तू मुद्दाम सोडलीस?"

"तो मरत होता नि मी त्याला म्हातारा म्हणत होते."

बाबा सुकाणूवरून नजर न हटवता म्हणाले, "म्हातारा तो आहेच. मायेने मरत नाही गं कुणी, गुदमरतं फक्त." मग एका हाताने त्यांनी गळ्याचा मफलर सोडला. "आता हा काढू का? नाहीतर एखाद दिवशी मलाही धूर सुटायचा."

मास्तरीणबाईच आधी हसल्या. लेक हसली ती बऱ्याच उशिरा, डोळे पुसून.

पण ती भाबडी नाही. एका फेरीवर तिने निर्णय घेतला नाही. सगळे थर उतरवले, फटी मोकळ्या केल्या आणि गळतीला लाँचवर बसवून मध्यावर नेलं. झाकण लावून, ओढीच्या तोंडावर. आजवर त्याने मला फक्त धक्क्यावर, उघड्या पेटीत तपासलं होतं. मी चालत राहिलो. त्याने मोकळ्या फटींपाशी तळहात धरून पाहिला, मग म्हणाला, "एवढ्या कापडाने पेट घेतला नाही हेच नशीब." त्याने माझ्या पिस्टनच्या रिंगा बदलल्या, गॅस्केट बदललं आणि एका कोपऱ्यात त्याला त्याची गळती सापडली. त्याचाही जीव शांत झाला.

नव्या इंजिनाला तूर्त थांबायला सांगितलं आहे. दर हंगामाआधी मध्यावर नेऊन माझी परीक्षा घ्यायची असं लेकीने ठरवलंय. नापास झालो तर जायचं. मला हे पटतं. पूर्वी मी परीक्षेला घाबरायचो. अजूनही घाबरतो, पण आता प्रश्न तरी बरोबर विचारले जातील.

आवाज मात्र परत आला. लाँचवर पुन्हा ओरडून बोलावं लागतं आणि भाजीवालीने सुनेबद्दल ओरडून सांगितलेलं सगळं आता दोन्ही काठांना ठाऊक आहे. धुऊन वाळवलेल्या गोधड्या बाकांवर अंथरल्या आहेत. बाबा रोज पहिल्या फेरीला येतात, कानटोपीशिवाय.

माझी विनंती साधी आहे. तुमच्या घरात असं कुणी धापा टाकत असेल, तर त्याला काढायचं की ठेवायचं हे जरूर ठरवा. पण त्याआधी एकदा झाकण उलटं करून बघा. कदाचित काही सापडणार नाही. माझ्या बाबतीत सापडलं, एवढंच मी सांगू शकतो.

निघायची वेळ झाली. लेक सुकाणूवर उभी आहे. वारा गार आहे, म्हणून तिने तो तपकिरी कोट घातलाय. धुतला तरी एका बाहीवरचा काळा गोल पुरता गेला नाही. इतके दिवस तो माझ्या अंगावर होता, दिसत नव्हता. आता पेटीच्या फटीतून मला त्याचं टोक वाऱ्यावर हलताना दिसतं. मला चालू करायची खूण म्हणून तिने हात उचलला. आज जमेल, असं वाटतंय.