लॉरीसामींचा कापूर

"उडाला! कापूर उडाला!"

कोणीतरी ओरडलं आणि आमच्या शेडमधली सगळी माणसं एका चाकापुढे हात जोडून उभी राहिली. शेजारच्या, लॉऱ्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यातले वेल्डर काम टाकून धावत आले. चहावाला पेटता बॉयलर तसाच सोडून आला. माझा थोरला भाऊ चेल्लमुत्तू, या सगळ्या लॉऱ्यांचा मालक, चपला काढून डोळे मिटून उभा होता.

ड्रायव्हर सेंगोडनची लॉरी नुकतीच विशाखापट्टणहून येऊन आत शिरली होती. लॉऱ्यांची बाधा उतरवणाऱ्या लॉरीसामींनी तिच्या प्रत्येक चाकावरून आशीर्वादाचा तळवा फिरवून मध्यावर चंदनाच्या लेपाने कापराची एकेक वडी चिकटवली होती. काडी लावली नाही, फुंकर मारली नाही. पुढच्या डाव्या चाकावरची वडी बघता बघता विरून गेली आणि चंदनाचा डाग तेवढा उरला. बाकीच्या वड्या जागच्या जागी.

"इथे बसलीय बाधा," सामी चाकाकडे बोट दाखवून म्हणाले. "आंध्रातून मागे लागलीय. तहानलेली आहे. तुमच्या लॉऱ्या रस्त्यात का बसतात, मालक, कळलं आता?"

"कळलं, सामी."

आमच्या अण्णाला सगळं असं चटकन कळतं. फक्त मी सांगितलेलं कळत नाही.

मी सकाळी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि दुपारी भावाच्या शेडमध्ये बसते. दोन्हीकडे तेच तेच सांगून घसा बसतो, फरक एवढाच की मुली निदान परीक्षेपुरतं लक्षात ठेवतात. लॉरी खेपेवरून आली की अर्धा दिवस शेडमध्ये उभी करायची, चाकांचं ग्रीस बघायचं, ब्रेक बघायचे, मगच पुढचा माल भरायचा, असा नियम मी घालून दिला होता. अण्णाने तो हळूहळू मोडला. "उभ्या लॉरीला कोण भाडं देतं, अम्मिणी?" म्हणायचा. मग लॉऱ्या आपल्या आपण उभ्या राहू लागल्या, एक नेल्लोरला, एक सोलापूरच्या अलीकडे. सुटे भाग येईपर्यंत आठ-आठ दिवस रस्त्याच्या कडेला, आणि ड्रायव्हर खालीच चूल मांडून. अर्धा दिवस वाचवायला गेलो आणि आठवडे गेले. अण्णाने मात्र निष्कर्ष काढला की भाऊबंदांची दृष्ट लागली. चाकाखाली चिरडायची लिंबं वाढली, निघताना फोडायचे कोहळे वाढले. ग्रीसचा डबा तेवढा कोपऱ्यात धूळ खात पडला.

सामींनी लाल फडकं काढलं आणि त्या चाकाच्या मध्यावर करकचून बांधलं. "एक मंडल, अठ्ठेचाळीस दिवस, हे सुटता कामा नये. चाकाला पान्याचं लोखंड लागता कामा नये. लागलं, तर मालकाच्या घरात रक्त सांडेल."

"आणि लॉरी?" अण्णाने घाबरत विचारलं. "उभी ठेवायची?"

"छे! खुशाल पाठवा. तिला बांधलीय ना मी."

अण्णाचा चेहरा खुलला. देव पावला तो असा, एकही खेप न बुडवता.

सेंगोडन त्याच संध्याकाळी अंडी घेऊन बंगळुरूला जाणार होता. येताना लोखंडी सळ्या भरून तोप्पूरचा घाट उतरायचा होता. त्या घाटाच्या उतारावर किती लॉऱ्या उलटतात ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याची मुलगी मलर्विळी माझ्या वर्गात आहे. मला खरं तर गप्प बसायचं होतं. उन्हाने डोकं दुखत होतं आणि अण्णाशी वाद घालायचं त्राण नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीसमोर उभं राहायचं होतं.

मी सामींच्या ताटातली एक वडी उचलली, चंदनात बुडवली आणि चहाच्या बॉयलरच्या पोटाला चिकटवली. ती चाकावरच्यापेक्षाही लवकर गेली.

"अय्यो!" चहावाला म्हणाला. "माझ्या बॉयलरमध्येपण बसली?"

वेल्डर हसले. सामी हसले नाहीत. "तायी, बॉयलरखाली विस्तव आहे. चाकात विस्तव कुठे आहे?"

"मी तेच विचारतेय, सामी. चाकात विस्तव कुठून आला?"

मी सेंगोडनला म्हटलं, "फडक्याला धक्का लावू नकोस. उजव्या चाकाच्या मध्यावर हात ठेव, मग डाव्याच्या फडक्याशेजारी."

त्याने उजवीकडे ठेवला. "कोमट आहे, टीचर." डावीकडे ठेवला आणि शिवी हासडून हात झटकला.

"अम्मिणी, पुरे!" अण्णा ओरडला. "मंडल सुरू झालंय. घरात पोरंबाळं आहेत माझ्या!"

सेंगोडन हात चोळत उभा होता. आयुष्यभर मालकापुढे मान खाली घालून वागलेला माणूस. तो हळूच म्हणाला, "मालक, फडकं सुटलं तर रक्त तुमच्या घरात सांडेल म्हणतात. घाटात चाक सुटलं तर कोणाच्या घरात सांडेल?"

आणि त्याने फडकं ओढून काढलं.

मिस्त्रीने जॅक लावला, चाक उघडलं. आतलं ग्रीस जळून कोळसा झालं होतं. बेअरिंग निळं पडलं होतं, त्याचा पिंजरा मोडून तुकडे खाली तसराळ्यात पडले. लॉरी रिकामी होती म्हणून ते कसंबसं इथवर आलं होतं. सळ्यांच्या ओझ्याखाली घाटापर्यंतसुद्धा टिकलं नसतं.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "बघा! सामी म्हणाले होते ना, याच चाकात दोष आहे!" आणि माणसं पुन्हा हात जोडू लागली.

मी तिथल्याच एका टायरवर बसले. अण्णाही म्हणाला, "चाक तर त्यांनी बरोबर सांगितलं, अम्मिणी."

"बरोबर सांगितलं. म्हणूनच त्यांना माफी नाही," मी म्हटलं. "नुकतीच आलेली, धुळीची लॉरीच त्यांना का लागते? थंड चाकावर कापूर लवकर उडत नाही म्हणून. आशीर्वाद देत प्रत्येक चाकावरून तळवा का फिरवतात? तापलेलं कुठलं ते कळावं म्हणून. चाक जळतंय हे त्यांना ठाऊक होतं, अण्णा. ठाऊक असून त्यावर फडकं बांधलं, वर पान्याला बंदी केली आणि सेंगोडनला घाटात पाठवत होते."

जोडलेले हात एकेक करून खाली आले. सामी ताट आवरत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "आधी कुठल्या गॅरेजला होता?"

त्यांनी मान वर केली नाही. "सेलमला. मिस्त्री होतो. ग्रीस संपलंय म्हटलं की मालक हाकलून द्यायचे. तायी, ग्रीस भरा म्हणणाऱ्याच्या पाया कोणी पडतं का?"

खोटं बोलत नव्हते ते. मला एवढंच म्हणता आलं, "पाया पडायला तरी माणूस जिवंत हवा ना."

तुमच्याकडे लॉरी असेल, मोटार असेल, निदान सायकल तरी असेल. कापूर देवापुढे लावा, माझी हरकत नाही. लिंबू चिरडायचं तर चिरडा. पण पोचल्यावर चाकाला हात लावून बघा, आणि चटका बसला तर देवऋषी शोधू नका, पाना शोधा. यंत्राला राग येत नाही, दृष्ट लागत नाही. ते झिजतं, आणि झिजतंय हे आधी सांगतंही. ऐकायला थोडा वेळ थांबावं लागतं, तेवढंच आपल्याला जमत नाही.

अंडी दुसऱ्या लॉरीतून गेली. अण्णा माझ्याशी अजून नीट बोलत नाही, पण ग्रीसचा डबा कोपऱ्यातून बाहेर आलाय. आणि सेंगोडन त्या संध्याकाळी घरी जाऊन मुलीबरोबर जेवला.