डोई मोजताना

दुपारी पाळणाघराचे हिरवे पडदे ओढले की आतलं सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसतं. बाटल्या, भिंतीवरचे हत्ती, मावशींची खुर्ची. मुलं आपापल्या गादीवर तरंगत असतात. जेवणाच्या सुट्टीत मी येते ती आधी माझ्या ठकीचं पोट वरखाली होतंय ना, ते बघायला. होत असतं. तरी नाकाखाली बोट धरते.

"अगं, ती घेते श्वास. तूच विसरतेस," मावशी म्हणतात.

आमचं विद्यापीठ किती शाश्वत आहे, हे तपासायला त्या दिवशी बाहेरून परीक्षकबाई आल्या होत्या. वीज, पाणी, कचरा, झाडं, सगळ्याला गुण. त्या तयारीसाठी साहेबांच्या हाताखाली जो कक्ष उघडला होता, त्यात माझी नोकरी. कुठल्या इमारतीला दरडोई किती वीज लागते याचा तक्ता आम्ही भिंतीवर लावला होता. ग्रंथालयाचा खांब बुटका, प्रयोगशाळेचा बरा, आणि टोकाला पाळणाघराचा, ताडासारखा.

"हे गळू कापलं की आपण वरच्या श्रेणीत," साहेब म्हणाले होते. कापायचं म्हणजे पुढच्या सत्रापासून कुलूप. ठकीला सांभाळायला घरी कोणी नाही. पाळणाघर गेलं की माझी नोकरीही गेली, इतकं सरळ होतं.

परीक्षकबाई नेमक्या मुलांच्या झोपेच्या वेळी आल्या. मावशींनी दारातच ओठांवर बोट ठेवलं आणि बूट काढायला लावले. साहेबांच्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. तो त्यांनी दुसऱ्या पायाखाली लपवला.

"एवढ्याशा खोलीला इतकी वीज?" परीक्षकबाई कुजबुजल्या.

"दूध कोमट करायचं, दुपटी वाळवायची, खोली उबदार ठेवायची," मावशी म्हणाल्या.

"आणि माणसं किती?"

"या मावशी आणि त्यांची मदतनीस," साहेबांनी सांगितलं. "म्हणून तर दरडोई आकडा असा फुगतो."

दरडोई. हा शब्द मी इतक्यांदा टाइप केला होता की त्याचा अर्थच झिजून गेला होता. त्या हिरव्या उजेडात तो सुटा होऊन कानात शिरला. दर डोई. आणि माझ्यासमोर तर डोयाच डोया पसरल्या होत्या. जावळाच्या, टकल्या, घामेजलेल्या, एक दुसऱ्याच्या पोटावर टेकलेली.

"मग या कोणाच्या डोया?" मी बोलून गेले. आवाज मोठाच निघाला. कोणीतरी कूस बदलली.

"अहो बाई, डोई म्हणजे विद्यार्थी आणि कर्मचारी," साहेब दातांतून म्हणाले. "ही इथे काय शिकतात?"

"माझी मुलगी बसायला शिकली. तो कोपऱ्यातला चमच्याने खायला शिकतोय. त्याच्या शेजारची, त्याचा चमचा पळवायला."

"आणि साहेब, नापास कोणी होत नाही," मावशी म्हणाल्या.

परीक्षकबाई हसल्या नाहीत. त्या गाद्यांमधून हळूहळू मोजत निघाल्या. मध्येच एक डोकं चादरीत बुडालं, पलीकडे भलतंच वर आलं. मोजणी चुकली. त्या मागे फिरल्या, पुन्हा पहिल्यापासून. ठकीशी येऊन थांबल्या. ठकी टक्क जागी होती. तिने त्यांच्या चष्म्याची दोरी मुठीत पकडली. आता ही ओढणार, चष्मा फुटणार आणि आमचं सगळं संपणार.

बाईंनी दोरी सोडवली नाही. तशाच वाकून म्हणाल्या, "नियमात 'परिसर रोज वापरणारी व्यक्ती' एवढंच आहे. वयाचं काही लिहिलेलं नाही. ते तुमचं तुम्हीच धरलंत."

मग मोकळ्या हाताने त्यांनी फोनवर भागाकार केला आणि साहेबांपुढे धरला. पाळणाघराचा आकडा ग्रंथालयाच्याही खाली गेला होता.

बाहेर बूट चढवताना साहेबांचा चेहरा खुलला. "राहू दे हो पाळणाघर! उलट अजून किती गाद्या मावतील?"

"मुलं म्हणजे काय रोपं आहेत, खड्डा खणला की लावली?" मावशी म्हणाल्या.

"तुमच्या ओळखीत कोणी असेल तर बघा," साहेब मला म्हणाले. अगदी मनापासून.

ते गेल्यावर मी ठकीजवळ जमिनीवरच बसले. पडद्यामागे ऊन हलत होतं आणि हत्ती भिंतीवरून संथ पोहत होते. कक्षात माझी शोधाशोध सुरू झाली असेल. होऊ दे. ठकीने मोठी जांभई दिली, पाठोपाठ मलाही आली, आणि तिच्या आधी माझाच डोळा लागला.