माझ्या नावात दूध आहे

मित्रांनो, मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही. पण कुणी उच्चारलंच नाही तर मी मरतो. मी एक जुना शब्द आहे. दुहिता, म्हणजे लेक. माझ्या जन्माविषयी जाणत्यांचं एकमत नाही. कुणी म्हणतात, मी दूध काढण्याच्या ‘दुह्’ धातूतून आलो. घरच्या गाईची धार काढणारी ती दुहिता. कुणी मला फोडून सांगतात, दूर असण्यातच जिचं हित, ती दुहिता. या दुसऱ्या अर्थापायी मी फार काळ मान खाली घालून वावरलो. पुढे लग्नपत्रिकेतली जागाही ‘कन्ये’नं घेतली.

अशात तलवाड्याच्या सप्त्यात, काल्याच्या कीर्तनात राधाकिशन महाराजांनी मला हाक मारली. मृदंगाच्या थापेसरशी मी शहारलो! दोन्ही अर्थ सांगून महाराज म्हणाले, “दुधावाचून दही नाही, दह्यावाचून काला नाही. माउल्यांनो, धार काढणारीला विसरून प्रसाद गोड लागेल का?”

म्हशी राखणाऱ्या मुंजाजीनं मात्र सोयीचा तेवढाच अर्थ घरी नेला. त्याची अंजू बारावीला, अजून अठराचीही नाही. आणि संध्याकाळी तिला बघायला पाव्हणे यायचे होते. “म्हाराजच म्हणले, लेक दूरच बरी,” त्यानं बायकोला, सारजाबाईला सुनावलं.

पाव्हणे आले. चहाला दूध नव्हतं. चंद्री म्हैस अंजूवाचून कुणाला पान्हवत नसे, आणि साडी नेसून बसलेली अंजू जागची हलेना.

“अंजे, धार काढ की!”

“न्हाई, आबा. मला दूर धाडायचंय ना? मग आजपासूनच सवय करा.”

मुंजाजी चिडून स्वतःच चरवी घेऊन बसला. चंद्रीनं लाथ झाडली. चरवी अंगणात, मुंजाजी शेणात!

“निम्मंच कीर्तन ऐकलंत तुमी,” त्याला हात देत सारजाबाई म्हणाली. “पोरीची बारावी होऊ द्या, अठरा सरू द्या. मग तिलाच इचारू.”

पाव्हण्यांतला म्हातारा हसू दाबत म्हणाला, “मुंजाजी, म्हशीला कळलं, आता तुमी बी समजून घ्या. आमी चहा पिऊन निघतो.”

मुंजाजीनं चरवी पुसली आणि लेकीपुढे धरली. “शीक बाई. न्हाई धाडत.”

अंजूनं पदर खोचला. रिकाम्या चरवीत पहिली धार वाजली.

मित्रांनो, मला पोथीत बांधून ठेवू नका. लेकीला दूर लोटायला माझं नाव घ्याल, तर मी येणार नाही. तिला आपली म्हणून हाक मारा. मी ओ देईन.